ठकीला सांभाळणाऱ्या माणसाबद्दल

रविवार, भर दुपार
(ठकी झोपली आहे तोवर)

तीर्थस्वरूप सरांच्या पायाशी,

साष्टांग नमस्कार. (खरोखर घालून मगच लिहायला बसणार होतो, पण आमच्या खोलीत माझी लांबी मावत नाही. पाय दाराबाहेर जिन्यात जातात आणि वरच्या मजल्यावरची म्हातारी त्यांना अडखळते. तेव्हा गुडघ्यावर बसून घातलेला गोड मानून घ्यावा.) तुमची लेक म्हणते, लग्न होऊन इतका काळ लोटला, ठकी बोलायला लागली, आता तरी ‘सर’ नको, ‘बाबा’ लिही. बोलताना जीभ कशीबशी वळते, पण पेन हातात आलं की तुम्ही फळ्यापाशी उभे दिसता आणि आपोआप ‘सर’च उमटतं. यात तुमचा दोष आहे असं मी म्हणत नाही, पण माझाही नाही.

आम्ही इथे खुशाल आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? तो माझ्यामागे मैदानभर धावताना गेला असं तुम्ही आल्यागेल्याला सांगता, हे माझ्या कानावर आलं आहे. माझं म्हणणं एवढंच की त्या दिवशी निघतानाच तुम्ही लंगडत होतात. मी पळता पळता मागे वळून बघितलं होतं. आईंच्या पित्ताचं कसं काय? त्यांना म्हणावं, जागरण करू नका, आणि ठकीच्या आठवणीने डोळ्याला पदर लावायचाच असेल तर जेवण झाल्यावर लावा.

आता मुद्दा. मागच्या फोनवर तुम्ही जे बोललात ते माझ्या कानातून अजून गेलेलं नाही. ‘तुम्ही दोघं दोन दिशांना पळता आणि पोर मध्येच लोंबकळतं. ठकीला दोन वर्षं आमच्याकडे ठेवा. तुमचं बस्तान बसलं की घेऊन जा. आई येईल तिला न्यायला.’ तुमच्या लेकीने ‘बघतो बाबा’ म्हणून फोन ठेवला, मोरीत गेली, नळ सोडला आणि घासून ठेवलेली भांडी पुन्हा घासली. बाहेर आली ती डोळे लाल करून, आणि म्हणते, ‘बाबांचं काही चुकत नाही.’ मी म्हटलं, ‘बाबांचं आजवर काय चुकलंय?’ त्यावरून आमचं जे झालं ते इथे लिहीत नाही, फक्त एका कपाचा कान आता नाही. शेवटी असं ठरलं की उत्तर मी लिहायचं. लिहितो. पण त्याआधी हॉस्पिटलच्या दारात जो तमाशा झाला त्याची हकिगत माझ्याच तोंडून ऐकावी, कारण तुमची लेक हसत हसत सांगते आणि त्यात मी उगाच मूर्ख ठरतो. (मधली पानं सोडून शेवटाकडे जाऊ नये. तुम्ही पेपरही मागून वाचता, मला माहीत आहे.)

आमच्या खोल्या दोन, अर्ध्या जमिनीखाली. खिडकी आहे, पण ती रस्त्याच्या बरोबरीने, त्यामुळे जगाचे फक्त पाय दिसतात. ठकी माणसं बुटांवरून ओळखते. थंडीसाठी भिंतीतून एक गरम पाण्याचा नळ गेला आहे, तो मधूनच ठकठक करतो, आणि ठकी दर वेळी मोठ्याने विचारते, ‘कोण आहे?’ नळ उत्तर देत नाही म्हणून रागावते. (हा स्वभाव आजोबांचा, असं मी त्याच भांडणात म्हणालो होतो. कपाचा कान तेव्हाच गेला.) तुमची लेक दुपारपासून हॉस्पिटलात, रात्री परत. मी उजाडायच्या आत एका मोठ्या लाँड्रीत. हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, टेबलावरची कापडं येतात, ती यंत्रातून काढायची, झटकायची आणि घड्या घालायच्या. काम वाईट नाही. दुपारी सुटलो की तसाच हॉस्पिटलच्या दारात जातो, ती ठकीला घेऊन येते, मी ठकीला घेतो, ती लिफ्टने वर जाते. संपलं. ती परत येते तेव्हा ठकीच्या शेजारी मी झोपेने मेलेला असतो, मी निघतो तेव्हा ती. सर, लग्नाआधी आम्ही जास्त भेटायचो!

म्हणजे बघा, माझं काय झालं असेल. मी कॉलेज अर्धवट सोडलं असं तुम्ही चारचौघांत सांगता. वस्तुस्थिती अशी की ती नर्सिंगला दुसऱ्या गावी गेली, आणि ज्या कॉलेजात ती नाही तिथे बसून मी कोणती विद्या घेणार होतो? त्या माणसाने आता एका घरात राहून बायकोला फक्त हॉस्पिटलच्या दारात बघायचं. मी रोज लाँड्रीतून निघताना केस नीट करतो. दारात पोचलो की छातीत यंत्र सुरू होतं. लांबून ती येताना दिसते, एका हाताने बाबागाडी ढकलत, दुसऱ्या हातात ठकीची टोपी, आणि मी (हे आईंना वाचून दाखवू नये) वितळतो.

आता यातली गंमत तुमच्यामुळे झाली, हे स्पष्ट सांगतो. गावात आम्ही दोघं रस्त्याने जायचो तेव्हा तुमच्या धाकाने मध्ये एखादी म्हैस आरामात चालेल इतकं अंतर ठेवून जायचो. तुम्ही कुठल्या दुकानाच्या पायरीवरून बघाल याचा नेम नसायचा. ती सवय हाडात गेली आहे. समुद्र ओलांडून आलो, इथे आम्हाला कुत्रंही ओळखत नाही, तरी रस्त्याने आम्ही पुढेमागेच चालतो. हॉस्पिटलच्या दारात इतर नवरे-बायका एकमेकांना जवळ घेऊन, गालाला गाल लावून कामाला जातात. आणि आमचं? ती पांढऱ्या कपड्यांत ताठ उभी. मी लाँड्रीच्या राखाडी गणवेशात, छातीवर बिल्ला. ती बोट दाखवून सांगते, ‘दूध कोमट कर, उकळू नको. खोकल्याचं औषध जेवल्यावर. टोपी काढू दिलीस तर बघ.’ मी खाली मान घालून ‘हो, हो’ म्हणतो. ती ठकीचा पापा घेते, माझ्याकडे बघतही नाही (बघितलं तर हसू येतं म्हणे), आणि निघते. मग मी लिफ्टचं दार बंद होईपर्यंत बघत उभा. दार बंद झालं की माझा एक मोठा उसासा. तो मुद्दाम नसतो, आपोआप सुटतो.

सगळ्या हॉस्पिटलला वाटलं, मी पोर सांभाळायला ठेवलेला गडी आहे.

हे आम्हाला कळलं ते मेट्रनबाईंमुळे. बाई म्हणजे सगळ्या नर्सांच्या वरच्या, वयाने आईंएवढ्या, चष्मा नाकाच्या टोकावर, चालल्या की फरशी दबते. त्यांनी तुमच्या लेकीला बाजूला घेऊन समजावलं, ‘तुझा तो मुलीला सांभाळणारा माणूस कामाला उत्तम आहे. पोर त्याच्याकडे खुशीत जातं. पण बाई गं, तो तुझ्याकडे ज्या नजरेने बघतो ते मला ठीक दिसत नाही. उसासे टाकतो. वेळेवर बदल त्याला.’ आता कुठल्याही बायकोने काय सांगावं? तुमच्या लेकीला हसू आवरेना, ती खोकला आल्याचं निमित्त करून पळाली! आणि पळता पळता म्हणाली काय, तर ‘बघते.’

रविवारी मला सांगितलं तेव्हा पोट धरून हसत होती. माझ्या टाळूपर्यंत संताप गेला.

‘अगं, मग सांगायचं ना, नवरा आहे म्हणून!’

‘आता कसं सांगू? म्हणतील, इतके दिवस का गप्प होतीस?’

‘म्हणजे मी आता जन्मभर गडी?’

‘चिडतोस काय? सांभाळणारा म्हणून तरी कुणी नाव काढलं तुझं. नवरा म्हणून काढलं होतं का कुणी?’

सर, तुमच्या घरात वाढलेली मुलगी अशी बोलते. मी काही शिकवलेलं नाही.

मी ठरवलं, आपलं नवरेपण आपण सिद्ध करायचं. दुसऱ्या दिवशी दारात, सगळ्यांदेखत, मी सरळ तिचा हात धरला. आणि तुमची लेक, लग्नाची बायको, विंचू चावल्यासारखी मागे उडाली आणि तिने आधी इकडेतिकडे बघितलं, तुम्ही कुठे आहात का म्हणून! (नंतर म्हणाली, ‘सवयीने झालं रे.’) बघणाऱ्यांना काय दिसलं असेल याचा विचार करा. दारावर एक दाढीवाला रखवालदार असतो, दारात मावत नाही एवढा. तो दोन पावलं पुढे सरकला. मग मला वाटलं, हात नको, फुलं न्यावीत. नेली. गणवेशातला गडी मालकिणीला फुलं देतो आहे, हे बघून मेट्रनबाईंनी जिन्यातच कपाळाला हात लावला. त्यानंतर दाढीवाल्याने कारभार स्वतःकडे घेतला. ठकीला तो तिच्या हातातून घ्यायचा आणि माझ्या हातात द्यायचा, म्हणजे आमची बोटंसुद्धा लागू नयेत. ठकीला ही व्यवस्था पसंत पडली. ती त्याची दाढी धरून लोंबायची. मी मात्र माझ्याच लेकीला परक्या माणसाच्या हातून घेत होतो आणि माझ्याच बायकोला त्याच्या खांद्यावरून बघत होतो. तुम्हाला मनातून बरं वाटत असेल. तुम्हाला अगदी असाच माणूस ठेवायचा होता त्या वेळी.

किती सोसणार? एके दिवशी दाढीवाल्याने मला सांगितलं की उद्यापासून मी आत यायचं नाही, बाहेर सायकली लावतात तिथे थांबायचं, तो पोरीला आणून देईल. तेव्हा तुमची लेक वर गेलेली होती, ठकी माझ्या कडेवर. आणि माझा भडका उडाला. इथली भाषा मला दुकानापुरती येते, भांडणापुरती येत नाही. रागात तर सगळीच गेली. मी शुद्ध मराठीत ओरडलो, ‘नवरा आहे मी तिचा! नवरा! तिच्यासाठी कॉलेज सोडलंय, मार खाल्लाय, मला सायकलींत उभा करतोस?’ ठकीला वाटलं खेळ आहे, तीही मूठ उगारून ओरडायला लागली, ‘नव्वा! नव्वा!’ खुर्च्यांवर बसलेले पेशंट उभे राहिले. एकाचा प्लास्टरचा पाय होता, तो तर माझ्या बाजूने असावा असं मला वाटलं, कारण तो टाळ्या वाजवत होता.

मग मला पुराव्याची आठवण झाली. फोन काढला, लग्नाचा फोटो काढून दाढीवाल्याच्या नाकापुढे धरला. सर, तुम्हाला तो फोटो माहीत आहे. तुमची लेक खाली बघते आहे, माझ्या चेहऱ्यावर मुंडावळ्यांचा एवढा जाड पडदा की त्यातून नुसता नाकाचा शेंडा बाहेर आला आहे, आणि आमच्या दोघांच्या मधोमध तुम्ही, समोर बघत, कॅमेऱ्याला शिक्षा करताय असे. (तुम्हाला मध्ये उभं राहायला कोणी सांगितलं होतं, हा प्रश्न मी तेव्हाही विचारला होता.) दाढीवाल्याने फोटो बघितला, मोठा केला, माझं नाक बघितलं, पुन्हा फोटो बघितला, आणि अत्यंत सभ्यपणे बोट ठेवून विचारलं की नवरा हे मधले गृहस्थ का?

यापुढे मी काय बोललो ते मला आठवत नाही. ऐकणारे सांगतात की काचा हलल्या. तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं आणि तुमची लेक बाहेर आली. हातात हातमोजे तसेच, मागे मेट्रनबाई. तिने एकदा सगळीकडे बघितलं आणि तिथल्या तिथे मराठीतून माझी जी काढली!

‘अरे, काय चाललंय हे? सगळं हॉस्पिटल गोळा केलंस! लाज आहे का नाही? आणि टोपी कुठेय तिची? टोपी! काल रात्रभर खोकत होती ती, तू घोरत होतास म्हणून तुला ठाऊक नाही! आणि हा शर्ट? चादरींच्या घड्या घालतोस ना दिवसभर, मग स्वतःचा शर्ट काय बैलाने चघळलाय? बघतोस काय असा? उचल ती पिशवी!’

मी पिशवी उचलली. शब्द कुणालाच कळला नाही, पण उभे राहिलेले पेशंट पटापट खाली बसले. प्लास्टरवाल्याने मान हलवली. दाढीवाल्याने डोक्यावरची टोपी काढली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो फार जड होता, पण त्यात माया होती. तोही लग्न झालेलाच निघाला. आणि मेट्रनबाई चष्मा वर सरकवत म्हणाल्या, ‘पगारी माणसाला असं बोललं तर तो त्याच पावली सोडून जातो. हा नवराच आहे.’

असा मी नवरा ठरलो. आता दाढीवाला मला बघितलं की बाजूला होतो आणि दुसरीकडे तोंड करतो, म्हणजे आम्हाला संकोच नको. त्याचा काही उपयोग होत नाही. ती तरीही लांबच उभी राहते.

पण मेट्रनबाईंचा चेहरा पडला होता. कारण विचारलं तर म्हणाल्या, त्यांनी मला पळवायचं ठरवलं होतं! हॉस्पिटलात खालच्या मजल्यावर कामावरच्या लोकांच्या मुलांसाठी पाळणाघर आहे. तिथली बाई सोडून गेली. पोरं अशी की नव्या आलेल्या दोघी एकेका आठवड्यात पळाल्या. मेट्रनबाई रोज वरून बघायच्या की हा राखाडी कपड्यांतला माणूस रडणारं पोर दारातून बाहेर पडायच्या आत हसवतो. ‘तुझ्याकडून काढून माझ्याकडे ठेवते, म्हणजे तुझी नजरेची कटकटही मिटेल,’ असं तुमच्या लेकीला सांगायचा त्यांचा बेत होता. ‘आता नवराच निघाला,’ त्या म्हणाल्या, ‘नवरा कसा मागायचा?’ त्यावर तुमची लेक लगेच म्हणाली, ‘घेऊन जा.’

मी अर्थातच भडकलो. म्हटलं, गडी नाही हे सिद्ध करायला गळा फोडला, आणि आता खरोखरच गडी होऊ? पण तुमची लेक नुसती बघत राहिली. चारचौघांत, सरळ माझ्याकडे, न हसता. ती अशी बघते तेव्हा मी कुठेही जातो. पाळणाघरात गेलो. आत एक लाल चेहऱ्याचा मुलगा जमिनीवर पालथा पडून किंचाळत होता, दुसरी एक मुलगी त्याचा बूट चावत होती. ठकी माझ्या कडेवरून उतरली आणि तिने बूट काढून घेतला. मी कोपऱ्यातला टॉवेल घेतला. लाँड्रीत जेवणाच्या सुट्टीत एका म्हाताऱ्या कामगाराने टॉवेलचा हत्ती करायला शिकवला होता. दोन गुंडाळ्या, एक मुरड, सोंड वर. हत्ती झाला. किंचाळणं थांबलं. मग ससा झाला. मग सगळ्यांना हत्ती हवे झाले आणि टॉवेल संपले, तेव्हा मी माझा शर्ट काढला (बैलाने चघळलेलाच होता), त्याचं कासव केलं. दारात मेट्रनबाई आणि तुमची लेक उभ्या होत्या. सर, शपथेवर सांगतो, शाळा-कॉलेज मिळून एकदाही माझ्याकडे कुणी असं बघितलं नव्हतं. तुम्ही तर नाहीच.

तर असं आहे. ही नोकरी झाली तर दिवसभर ठकी माझ्याजवळ, तिची आई वरच्या मजल्यावर, तीही मग दिवसपाळी मागू शकते, आणि संध्याकाळी आम्ही तिघं एकत्र घरी. पुढेमागे का होईना, पण एकाच रस्त्याने. ठकी आता हलायला लागली आहे, नळाने पुन्हा ठकठक केली. पत्र पुरं करतो. आईंना नमस्कार, तुमच्या छडीलाही.

तुमचा नाइलाजाने झालेला,
जावई

ता.क. : ठकीला पाठवायचं की नाही, याचं उत्तर राहिलंच. मी रागाने ‘नाही’ लिहिणार होतो. चार वेळा लिहिलं, चारही कागद फाडले, कारण तुम्ही म्हणालात त्यात प्रेमच होतं, हे मला कळतं. आईंनी तिच्यासाठी पाळणाही माळ्यावरून खाली काढून ठेवला आहे, हे तुमच्या लेकीने मला मोरीच्या दारातून सांगितलं. तेव्हा उत्तर मी देत नाही. ते तुमच्यावर सोपवलं आहे. कसं, ते पुढे.

दुसरा ता.क. : पत्र लिहायचं खरं कारण हे. पाळणाघरात ठेवण्याआधी इथे माणसाच्या वर्तणुकीचा दाखला लागतो. देणारा रक्ताच्या नात्याचा नको, उमेदवाराला लहानपणापासून ओळखणारा हवा, आणि मुलांची पारख असलेला असेल तर उत्तम. मी फार विचार केला. तुमच्याशिवाय माणूस नाही. सासरा चालेल का, असं मेट्रनबाईंना विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, जावयाबद्दल सासऱ्याने चांगलं लिहिलं तर त्याहून पक्का पुरावा कुठल्याच देशात मिळायचा नाही. तुम्ही हजार पोरांच्या दाखल्यांवर ‘वर्तणूक चांगली’ लिहिलंत, त्यात कौलं फोडणारेही होते. माझ्यावर ‘बरी’ लिहिलंत. तेव्हा भागलं. आता ‘बरी’ने भागणार नाही, एवढंच सुचवतो. मैदानाचा आणि गुडघ्याचा उल्लेख टाळता आला तर टाळावा.

तिसरा आणि शेवटचा ता.क. : दाखला पोचला की ते तुम्हाला फोन करतील. तुमच्या इंग्रजीला त्यांची हरकत नाही, फक्त सावकाश बोलावं आणि त्यांना मध्येच उभं करू नये. शेवटचा प्रश्न त्यांचा ठरलेला असतो. सगळ्यांनाच विचारतात. ‘तुमचं स्वतःचं नातवंड या माणसाच्या हाती निर्धास्त सोडाल का?’ त्यांच्या लेखी हा नुसता विचारायचा म्हणून विचारलेला प्रश्न. तुम्ही ‘नाही’ म्हणालात तर नोकरी गेली आणि ठकी तुमच्याकडे आली, मी एक शब्द बोलणार नाही. ‘हो’ म्हणालात तर ती इथे राहिली. मी काही सुचवत नाही. तुमच्या लेकीला हे वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, ‘काळजी नको करू, बाबा कधी खोटं बोलत नाहीत.’ तेव्हापासून मी बसून आहे, आणि मला धीर आला आहे की घाम फुटला आहे हेच कळत नाही.